काठीवरच्या खुणा

आडगाव नाक्यामागे, गफूरभाईच्या शेडमध्ये
चिंधूआण्णांनी किल्ली दिली आणि सोबत एक काठी.
म्हणाले, डिझेलचा काटा कधीच मेला,
टाकीत ही बुडवायची. ओल कुठवर येते ते बघायचं.

काठी बांबूची. तिच्यावर विळ्यानं पाडलेल्या खाचा.
इथून टाकी भरून निघालं की कुठं किती उरायला हवं, त्याच्या.
वरची घोटी, मग कसारा, मग शहापूर,
आणि बरीच खाली, जरा तिरकी, वाशी.
लिहिलेलं काहीच नाही. बोट ठेवून एकेक गाव सांगितलं त्यांनी,
नव्या जावयाला घरातली माणसं सांगावीत तसं.

गाडी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
दार आतून सुतळीनं बांधायचं.
वायपर एकच चालतो, तोही क्लीनरच्या बाजूचा,
म्हणजे पावसात मी आंधळा आणि मोहसीन डोळस.
सेल्फ गार इंजिनाला उचलत नाही,
तेव्हा उतार बघूनच उभी करायची.
सपाटीला लावलीस तर लोकांचे पाय धरशील, आण्णा म्हणाले.

हप्ता नऊ हजार आठशे.
पतसंस्थेतल्या माणसानं गाडीचा फोटो उलटा धरून बघितला,
मग सुलटा. जामीन सासरे राहिले.
पुष्पलता काही बोलली नाही. बोनेटला हळदीची बोटं लावली,
नारळ फोडला, आणि पदराला हात पुसता पुसता विचारलं,
ब्रेक लागतात ना?

लागतात.
दोनदा दाबले की लागतात.

पहिलं भाडं कांद्याचं, पिंपळगाव ते वाशी.
नऊ टन सांगितलेला, काट्यावर साडेदहा निघाला.
व्यापाऱ्याच्या माणसानं आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि भाडं आठशेनं कमी केलं.
मी हो म्हटलं. नाही कसं म्हणतात ते अजून शिकायचंय.

द्वारका ओलांडली तेव्हा रात्रीचे दहा.
विल्होळीच्या चढाला मागून एक कोरी बाराचाकी आली,
काचा बंद, आत निळा दिवा, ड्रायव्हर फोनवर हसत.
त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. गेला.
आमच्या केबिनमध्ये इंजिनचा ताप, कांद्याचा दर्प
आणि माझ्या डाव्या पोटरीत क्लचची कळ.

घाटनदेवीला थांबलो. मोहसीननं चाकाखाली ओंडका सारला.
नारळ मी घेतला, सुट्टे त्यानं दिले.

ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर, आण्णांनी बजावलेलं,
ब्रेक म्हणजे उसनवारी, सारखी मागू नये.

दुसरा टाकला. गाडी कण्हत उतरू लागली.
तिसऱ्या वळणावर लायनर जळल्याचा वास.
दाबला.
काही नाही.

त्या दोन दाबांच्या मधली जागा किती लांब असते
हे लायसनच्या परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

लागला.
मोहसीन कापडानं समोरची काच पुसत होता.
पाऊस नव्हता.

कसाऱ्याखाली ड्रम गार व्हायला दीड तास गेला.
वर पाणी मारावंसं वाटतं, मारायचं नाही, तडकतो.
नुसतं बसायचं दगडावर
आणि उतरणाऱ्यांचे लाल दिवे मोजायचे.

वाशीला उतार नव्हता.
पहाटे माल खाली झाल्यावर आठ हमाल मागे लागले,
धक्का मारताना एकजण ओरडला, नाशिक, ही गाडी की आजी?
सगळे हसले. मीही. चहाचे ऐंशी रुपये गेले.

मग टाकीत काठी बुडवली.
ओल वाशीच्या खाचेच्या बोटभर खाली.
कांदा दीड टन जास्त होता, खरंय.
पण ते बोट सगळं कांद्याचं नाही.
चढाला मी घाबरून दाबलेलं, उताराला घाबरून धरलेलं,
उभ्या गाडीत बंद करायचं धाडस न झालेलं इंजिन,
ते सगळं त्या बोटात.

मोहसीननं चाकू पुढे केला. शेट, आपली खाच?
म्हटलं, राहू दे.
पुढच्या खेपेला बघू.